क्रूझची केबिन: सकाळी आवरली, संध्याकाळी पहिले पाढे पंचावन्न

तक्रार नेहमीचीच. पहिल्या दिवशी केबिनचं दार उघडलं की सगळे म्हणतात, 'लहान आहे, पण छान आहे.' दुसऱ्या दिवशी दुपारी बाथरूमपर्यंत जायला एक बॅग ओलांडावी लागते. तिसऱ्या दिवशी कुणीतरी वैतागून तासभर खपतं, सगळं जागच्या जागी लावतं, आणि रात्रीच्या जेवणाला निघण्यापूर्वीच्या वीस मिनिटांत खोली पुन्हा होती तशी होते.

खिडकी नसलेली साधी केबिन बऱ्याच मोठ्या जहाजांवर १५० ते १८५ चौरस फुटांच्या आसपास असते, आणि बाथरूमही त्यातच आलं. दोघांना ती पुरते. चौघं असले तर भिंतीत दुमडून ठेवलेले वरचे पलंग, म्हणजे बंक, खाली येतात, सोफ्याचा पलंग होतो आणि जमीन म्हणून काही उरत नाही. पहिल्या दोन सफरींत आम्ही सगळा दोष या मापाला दिला. तिसऱ्या वेळी मी हट्टाने सामान निम्म्यावर आणलं. पसारा तेवढाच झाला! तेव्हा कुठे लक्षात आलं की आपण चुकीच्या जागी औषध लावतोय.

आगबोटींच्या काळात लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाच्या सामानावर लेबलं चिकटवत. 'केबिन' लिहिलेलं सामान खोलीत जाई. 'वॉन्टेड ऑन व्हॉयेज' म्हणजे प्रवासात मध्येच लागेल असं, ते सामानखोलीत हाताशी ठेवत. आणि 'नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज' थेट जहाजाच्या पोटात, मुक्कामाचं बंदर आल्यावरच बाहेर. केबिनमध्ये न्यायची ट्रंकसुद्धा साधारण १४ इंच उंचीची, बंकखाली सरकेल इतकी बुटकी असे. आताच्या क्रूझवर प्रवाशाचं सगळंच सामान केबिनमध्ये येऊन पडतं. म्हणजे ती तिन्ही लेबलं एकाच खोलीत, बहुतेकदा एकाच बॅगेत, एकमेकांच्या उरावर बसलेली असतात. परतीच्या विमानात लागणारं जाड जाकीट वर, आज रात्री लागणारे बूट तळाला. बूट काढायला जाकीट बाहेर येतं आणि मग ते आठवडाभर खुर्चीवर राहतं. असून अडचण, नसून खोळंबा.

पसारा असा होतो. वस्तू कोणत्या प्रकारची आहे यावरून बॅग भरलेली असते आणि केबिनमध्ये ती लागते वेळेनुसार. त्यामुळे आता मी भरतानाच तीन वाटण्या करते: रोजचं, एखाद्या दिवसाचं आणि उतरल्यावरचं. उतरल्यावरचं जे काही आहे (जाकीट, घरच्या किल्ल्या, परतीचे कपडे, भेटीदाखल द्यायच्या वस्तू) ते एका वेगळ्या बॅगेत जातं आणि ती बॅग जहाजावर उघडायचीच नाही. एखाद्या दिवसाचं म्हणजे नटून जायच्या संध्याकाळचे कपडे, बंदरावर उतरून चालायचे बूट, पोहण्याचा चष्मा. हे चेनच्या कापडी पाउचमध्ये, दर प्रसंगाला एक. आठवड्याच्या सफरीत नटूनथटून जेवायच्या रात्री साधारण एक किंवा दोन असतात, तेव्हा त्यांच्यासाठी चार जोड नेण्यात अर्थ नाही. उरलं ते रोजचं, आणि ते तेवढंच कपाटात जायला पाहिजे.

हवा काढून चपट्या होणाऱ्या पिशव्यांबद्दल विचाराल तर माझं मत वाईट आहे. जागा वाचते, वजन तसूभरही कमी होत नाही, आणि कपडे चुरगळलेले बाहेर येतात. ते सरळ करायला इस्त्री नसते, कारण इस्त्री आणि वाफेची इस्त्री आगीच्या भीतीने जवळपास सगळ्याच जहाजांवर प्रवाशांना आणू देत नाहीत. चुरगळलेला शर्ट गरम पाण्याचा शॉवर चालू असताना बाथरूममध्ये टांगून ठेवला तर बराच सुधारतो, पण सुती कापडापुढे वाफ हरते. न चुरगळणारं कापड निवडणं सोपं.

आता एकेक लक्षण घेऊ.

बॅग उघडली की चालायला जागा उरत नाही

कारण बहुतेक वेळा बॅगेच्या जातीत असतं. मधोमध उघडणाऱ्या कडक कवचाच्या बॅगेला उघडताना दुप्पट जमीन लागते, शिंपल्यासारखी दोन्ही बाजूंना पसरते. वरून झाकण उघडणारी मऊ बॅग पलंगाखालून अर्धी बाहेर ओढून, झाकण उचलून, हवं ते काढून पुन्हा आत ढकलता येते. कडक बॅगच असेल तर ती उघडायची फक्त पलंगावर, तीही एकदाच, रिकामी करण्यापुरती. नंतर लहान बॅग मोठीच्या पोटात घालून दोन्ही पलंगाखाली.

पलंगाखाली बॅग जात नाही असं वाटलं तरी आधी चादर उचलून वाका. खाली झालर असते आणि तिच्यामागे चांगली मोकळी जागा निघते. जोडलेले दोन पलंग वेगळे करून घेतले असतील तर मधली अरुंद वाट आणि खालची जागा दोन्हींचा हिशेब बदलतो, त्यामुळे पलंग कसे हवेत ते आधीच कळवा आणि मगच बॅगा सरकवा. आम्ही एकदा उलटं केलं. सगळं सामान पलंगाखाली रचल्यावर पलंग हलवायला सांगितले आणि सगळं परत उपसलं.

पहिल्या दिवशी आणखी एक अडचण असते. बंदरावर हमालांच्या ताब्यात दिलेल्या बॅगा केबिनच्या दाराशी यायला दुपार उलटते, कधी संध्याकाळ होते. तोवर औषधं, पासपोर्ट, पोहण्याचे कपडे, चष्मा आणि चार्जर खांद्यावरच्या पिशवीत हवेत. मोठ्या बॅगा आल्या की एकाच माणसाने लावालाव करायची. बाकीच्यांना डेकवर पिटाळायचं. चौघांनी मिळून चार बॅगा एकाच वेळी उघडल्या की सफरीच्या पहिल्याच तासात पसाऱ्याचा पाया घातला जातो, आणि मग तो हलत नाही.

कपाट अर्धं रिकामं आणि खुर्चीवर ढीग

खुर्चीवर कपडे पडतात कारण ते ना स्वच्छ असतात ना मळके. दोन तास घातलेला शर्ट कपाटात ठेवायला मन धजत नाही, धुवायला टाकायलाही नाही. या मधल्या कपड्यांना पत्ता दिला नाही तर ते स्वतःच शोधतात, आणि तो पत्ता म्हणजे खुर्ची. प्रत्येकाला भिंतीवरचा एक हूक नेमून द्या, फक्त याच कपड्यांसाठी. हूक भरला की वरचा कपडा एकतर पुन्हा घालायचा नाहीतर धुण्यात. यापेक्षा मोठा नियम आमच्या घरात कधी टिकला नाही.

मळके कपडे पलंगाखालच्या रिकाम्या बॅगेत, कापडी पिशवीत घालून. प्लॅस्टिकची पिशवी नको, जरा दमट कपडा असला तरी दोन दिवसांत कुबट वास धरतो. अशी भरत गेलेली बॅग शेवटच्या रात्री आपोआप तयार असते.

कपाटाबद्दल थोडं. आतले काही कप्पे दुमडून वर करता येतात, तसं केलं की लांब कपड्यांना जागा होते. हँगर कमी पडले तर केबिन सांभाळणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगा. त्याच वेळी नको असलेल्या गोष्टी बाहेर काढायलाही सांगता येतं: जादा उशा, छोट्या फ्रिजमधल्या विकतच्या बाटल्या, सोफ्यासमोरचं टेबल. बहुतेक वेळा ते आनंदाने नेतात. मात्र तो फ्रिज नीट गार करेलच असं धरू नका. बऱ्याच ठिकाणी ती नुसती गारवा धरणारी पेटी असते, त्यामुळे इन्सुलिनसारख्या औषधासाठी खास फ्रिज मिळेल का ते आधीच विचारून ठेवा.

लाइफ जॅकेट कपाटात असेल तर ते जिथे आहे तिथेच राहू द्या. त्याच्या कप्प्यावर सगळ्यांचा डोळा असतो, आमचाही होता. पलंगाखाली, बॅगांच्या मागे ढकललेलं जॅकेट अंधारात कुणाच्या हाताला लागणार? काही जहाजांवर जॅकेटं आता केबिनऐवजी आणीबाणीत सगळ्यांनी जमायच्या ठिकाणीच ठेवतात. तसं असेल तर तो कप्पा खुशाल वापरा.

हूक लावले, पण रात्री धाडकन खाली

केबिनच्या भिंती बहुतेक जहाजांवर पातळ पोलादी पत्र्याच्या असतात, वरून सजावटीचा थर. त्यामुळे लोहचुंबकाचे हूक चिकटतात, आणि केबिनच्या पसाऱ्यावर यापेक्षा गुणी वस्तू मला सापडलेली नाही. तरी ते पडतात, त्याचं कारण पाकिटावरच्या आकड्यात आहे. दहा किलो पेलतो असं लिहिलेला हूक दहा किलो पेलतो तो जाड, उघड्या पोलादापासून सरळ ओढला तर. भिंतीवर लटकवलेलं वजन त्याला खाली घसरवत असतं आणि घसरण्यापुढे चुंबकाची ताकद फार कमी पडते. त्यात पत्रा पातळ, वर थर. म्हणून आकड्याच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भार टाकू नका. टोपी, ओळखपत्राची दोरी, हलकी पिशवी, ओला पोहण्याचा पोशाख एवढं ठीक. पाण्याच्या बाटलीसकट पाठपिशवी टांगली की ती पहाटे तीन वाजता खाली येणारच.

हूकमागे रबराचं पातळ अस्तर असलं तर घसरण कमी होते आणि भिंतीवर चरेही पडत नाहीत. जहाज हेलकावे घेऊ लागलं की एका हूकवरची पिशवी घड्याळाच्या लंबकासारखी डोलते आणि भिंतीवर टकटक करत राहते. तीच पिशवी दोन हूकांवर, दोन्ही कानांनी टांगली तर गप्प बसते. चुंबकीय पट्टी असलेलं कार्ड मात्र या हूकांपासून लांब ठेवा, ती पुसली जाऊ शकते आणि मग दार उघडत नाही.

दोन गोष्टी अजिबात नाहीत. छतावरच्या आग विझवणाऱ्या फवाऱ्याला काहीही टांगायचं नाही, हँगरसाठी ती जागा कितीही सोयीची वाटली तरी. तो फुटला तर केबिनसह सामान भिजेल. आणि बाहेरच्या बोळाकडे उघडणारं केबिनचं मुख्य दार आगरोधक असतं, नीट बंद होणं हेच त्याचं काम, त्यामुळे त्याच्या वरून अडकवायचे हूक किंवा कप्प्यांचा लांब पडदा त्यावर नको. बुटांसाठीचा तसला कप्प्यांचा पडदा हवाच असेल तर तो चार चुंबकी हूकांवर भिंतीला लावा आणि त्यात बूट सोडून बाकी सगळं ठेवा: सनस्क्रीन, कंगवे, मोजे, चष्मे, गोळ्यांची पाकिटं. टेबलावरचा निम्मा पसारा तिथे जातो.

चार्जरांचं जंजाळ

जुन्या केबिनमध्ये प्लग एक किंवा दोन, तेही टेबलापाशी. चौघांचे फोन, घड्याळं, कॅमेरा. मग कुणीतरी घरून पॉवर स्ट्रिप आणतं आणि ती सुरक्षा तपासणीत काढून घेतात. हा त्यांचा आडमुठेपणा नाही. घरच्या वीजजोडणीत एक तार भारित असते आणि दुसरी जमिनीला जोडलेली. जहाजावर सहसा तसं नसतं, दोन्ही तारांवर विजेचा दाब असतो आणि जहाजाच्या पत्र्याला कुठलीच जोडलेली नसते. पॉवर स्ट्रिपमध्ये बहुधा सर्ज प्रोटेक्टर असतो, म्हणजे विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारा भाग, आणि घरासाठी बनवलेला हा भाग अशा जोडणीचा विचार करून केलेला नसतो. कुठे बिघाड झाला तर त्याच्या आतले भाग तापून पेट घेऊ शकतात. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ साली यावर स्वतंत्र सुरक्षा इशारा काढला होता. काही कंपन्यांनी आता साध्या एक्स्टेन्शन बोर्डालाही बंदी घातली आहे, तेव्हा तिकिटासोबत येणारी मनाई यादी वाचून घ्या.

उपाय म्हणजे अनेक यूएसबी तोंडांचा, सर्ज प्रोटेक्टर नसलेला एकच चार्जर. तो प्लगमध्ये, सगळ्या वायरी तिथेच, आणि फोन रात्री तिथे जमा. अंथरुणात फोन बघायची सवय असलेल्यांची कुरकुर होते. दोन दिवसांनी थांबते.

'दिवसभर लावून ठेवला तरी फोन चार्ज झाला नाही' हीसुद्धा नेहमीची तक्रार. काही जहाजांवर दाराजवळच्या खाचेत कार्ड असेल तरच दिवे लागतात, आणि कार्ड काढून बाहेर पडलात की काही प्लगही मरतात. कोणता प्लग जिवंत राहतो ते पहिल्याच दिवशी तपासा.

ओले कपडे वाळतच नाहीत

वाळत नाहीत कारण खोलीत ऊन नाही आणि वाराही बेताचा. शॉवरमध्ये ओढून ताणायची दोरी बहुधा असते, पण तिच्यावर चौघांचे पोशाख एकावर एक टाकले तर सकाळी ते होते तसेच ओले. कपडा पिळल्यावर कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा आणि गुंडाळीवर गुडघ्याने दाब द्या. निम्मं पाणी टॉवेलमध्ये जातं. मग हूकला, थंड हवेच्या झरोक्याच्या वाटेत, एकेक सुटा. माणशी दोन पोहण्याचे पोशाख असले की आजचा वाळेपर्यंत उद्याचा तयार.

बाल्कनी असलेल्यांना वाटतं आपला प्रश्न सुटला. कठड्यावर कपडे टाकायला सहसा मनाई असते आणि चालत्या जहाजाचा वारा टॉवेल कधी नेईल सांगता येत नाही. रात्रीची समुद्राची हवा इतकी दमट आणि खारट असते की पहाटे कपडा उलट ओलसर, चिकट लागतो. म्हणून कपडे वाळवायला म्हणून बाल्कनीचं दार उघडं ठेवलं तर आणखी बिघडतं. बाहेरची उष्ण दमट हवा आत येऊन गार भिंतींवर पाणी धरते, आणि काही केबिनमध्ये दार उघडं असताना वातानुकूलनच बंद होतं. दुपारी, जहाज बंदरात उभं असताना, खुर्चीच्या पाठीवर चिमट्याने बांधून तासभर, एवढाच बाल्कनीचा उपयोग.

वरच्या बंकवाल्याचं सामान सगळीकडे

वर झोपणाऱ्याला उशाशी टेबल नाही, कप्पा नाही. चष्मा, फोन, पाण्याची बाटली, पुस्तक घेऊन तो चढतो आणि सकाळी त्यातलं एकेक गादीच्या फटीतून खालच्याच्या अंगावर पडतं. बंकच्या भिंतीला दोन हूक आणि एक उथळ कापडी पिशवी लावली की हे संपतं. बाटली तिच्यात नको, वजन. रात्री शिडीखाली काहीही ठेवू नका. खिडकी नसलेल्या केबिनमध्ये दिवे गेले की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार असतो, तेव्हा बाथरूमच्या दारापाशी एक छोटा बॅटरीचा दिवा हवाच. आणि बाथरूमचा उंबरा उंच असतो, पहिल्या रात्री तिथे सगळेच ठेचकाळतात.

सोफ्याचा पलंग संध्याकाळी उघडला की टेबलाचे कप्पे बहुधा अडतात. ज्याला रात्री लागणाऱ्या वस्तू त्या कप्प्यात आहेत तो मग कुणाला तरी उठवतो. रात्रीचं सगळं (ब्रश, गोळ्या, झोपायचे कपडे) पलंग उघडण्याच्या आत बाहेर आलेलं असावं.

कागदांचं काय? रोजचा कार्यक्रम, पावत्या, नकाशे यांचा गठ्ठा तिसऱ्या दिवशी टेबल व्यापतो. चुंबकाच्या चिमट्यात फक्त आजचा कागद भिंतीवर, कालचा टोपलीत. झालं.

शेवटची रात्र

मोठ्या बॅगा मध्यरात्रीच्या आत दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्या रातोरात गोळा होतात आणि सकाळी बंदरावरच्या दालनात मिळतात. इथे एक चूक हमखास होते आणि ती आमच्या घरातही झाली. उत्साहाने सगळं भरून बॅगा बाहेर ठेवल्या आणि पहाटे लक्षात आलं की नवऱ्याच्या सगळ्या पँटी त्यात गेल्या. तो झोपायच्या पायजम्यात रांगेत उभा राहिला, शांतपणे, जणू तीच फॅशन. म्हणून आता आधी उद्याचे कपडे खालच्या अंतर्वस्त्रांपासून बुटांपर्यंत बाहेर काढून हूकवर टांगायचे आणि मगच बॅगेला हात लावायचा. सगळं सामान स्वतः ओढत नेण्याची तयारी असेल तर बॅगा बाहेर ठेवायची गरजच नाही, तशी सोय बऱ्याच जहाजांवर असते.

निघताना तिजोरी, पलंगाखालची मागची कड, शॉवरमधली दोरी, बाथरूमच्या दारामागचा हूक आणि भिंतीवरचे चुंबक बघायचे. चुंबक भिंतीच्याच रंगाचे असतील तर हमखास राहतात. आम्ही त्यांना लाल चिकटपट्टी लावून ठेवली आहे. भरता भरता जी वस्तू आठवडाभर बॅगेतून बाहेरच आली नाही तिचं नाव एका कागदावर लिहिते आणि तो कागद झाकणाच्या आतल्या कप्प्यात राहतो. गेल्या खेपेच्या कागदावर अकरा वस्तू होत्या, त्यातल्या तीन त्याच्या आदल्या खेपेच्या कागदावरही सापडल्या.